आज्यांच्या समुद्रातली पांढरी जागा

मी एक जुना, पिवळा जीपीएस आहे. मित्रांनो, मी तळहातात मावतो. मला एक छोटा पडदा आहे, पाच बटणे आहेत, आणि मला एकच विद्या येते: मी कुठे आहे ते मला कळते. आकाशातले उपग्रह मला सांगतात आणि मी ते लिहून ठेवतो. त्यात तीन-चार पावले इकडेतिकडे होतात, हे मी मान्य करतो. त्याहून मोठी चूक मी आयुष्यात केलेली नाही. तरीही आमच्या गावात मला खोटारडा म्हणतात. माझी बाजू आजवर कोणी विचारली नाही, म्हणून ती तुम्हाला सांगतो. मी रागावलेलो आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखे फार काही नाही. माझ्यासारखेच दोनशे पिवळे भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते. एका बाईने माझ्या पाठीचे झाकण लावले, मला उन्हात नेऊन ठेवले आणि मी पहिल्यांदा आकाशातल्या हाकांना ओ दिली. "हा बरा आहे," ती बाई म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातले. एवढेच माझे बालपण.

ते खोके उघडले जेजू बेटावर, कुमुलगे नावाच्या गावात. उघडणाऱ्याचे नाव बू गिसोक. हे नाव लक्षात ठेवा. मला ते विसरायचे आहे, पण जमत नाही.

गिसोक तेव्हा तिशीचाही नव्हता. त्याची आई गावातली पाणबुडी बाई. आमच्या गावातल्या बायका पाठीवर नळी-टाकी काही न घेता, एका दमात समुद्राच्या तळाशी जातात आणि शंख-शिंपले काढून वर येतात. गिसोक पाच वर्षांचा असताना त्याची आई बुडी मारायला गेली ती वर आलीच नाही. मग इतर बायकांनीच त्याला वाढवले. त्यांची कपडे बदलायची दगडी खोली आहे ना, तिथल्या शेकोटीजवळ बसून तो बार्लीचा भात खायचा आणि तिथेच झोपायचा. पुढे तो शहरात जाऊन भूगोल शिकला आणि गावाचा नकाशा करण्यासाठी परत आला. नुसता रस्ते-घरांचा नकाशा नव्हे. गावाचे जुनेपण कुठे कुठे टिकून आहे, त्याचा नकाशा.

आमचे पहिले काम शेतांच्या बांधांचे. बांध म्हणजे काळ्या दगडांच्या कमरेएवढ्या भिंती. दगड नुसते एकावर एक ठेवलेले, मधून वारा जायला फटी सोडलेल्या. गिसोक मला हातात धरून त्यांच्या कडेकडेने चालायचा आणि मी त्याचा माग लिहायचो. वाटेत कोणी म्हातारा भेटला की तो विचारायचा, "सामचुन, या वळणाला काय म्हणतात?" बेटावर कोणत्याही थोराला, बाई असो की बुवा, सामचुनच म्हणतात. म्हातारा नाव सांगायचा, त्या नावामागचे एखादे भांडणही सांगायचा, आणि गिसोक दोन्ही टिपून घ्यायचा. घरी आल्यावर तो माझ्यातले माग संगणकावर उतरवायचा. बांधांचा एक थर, विहिरींचा एक, पायवाटांचा एक, देवस्थानांचा एक. ते थर एकावर एक बसले की गाव डोळ्यांसमोर उभे राहायचे. "पिवळ्या, तुझं बोट कधी चुकत नाही," असे तो मला म्हणायचा. मित्रांनो, मला आई नाही, बाप नाही. त्या शब्दांवर मी दोन वर्षे जगलो.

आणि एकदा आमच्या नकाशाने खरेच काम केले. मोठा रस्ता येणार होता आणि त्याच्या रेषेत गावदेवीचे झाड आले होते. त्याला रंगीत कापडे बांधलेली असतात आणि बायका त्याच्या ढोलीत नवसाचे कागद ठेवतात. रस्तेवाल्यांच्या कागदावर तिथे नुसते पडीक रान दाखवले होते. गिसोकने आमचा नकाशा नेऊन त्यांच्यापुढे पसरला. झाड कुठे, त्याचा पार कुठवर, बायका कोणत्या वाटेने येतात, सगळे मोजून मापून लिहिलेले. रस्त्याला वळण द्यावे लागले. त्या दिवशी सुनदोक हालमांगने कुट्टूच्या पिठाचे, मुळा भरलेले गुंडाळे करून आणले. हालमांग म्हणजे आजी. सुनदोक हालमांग तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती आणि अजून समुद्रात उतरत होती. तिने एक गुंडाळा बशीत घालून माझ्यापुढे ठेवला.

"याला काय करायचाय, सामचुन? याला तोंड कुठंय?" गिसोक हसला.

"नसेना का. कष्ट केलेत त्याने. वाढलं की वाढलं."

असे माझे दिवस होते. नंतर जे घडले ते सांगताना म्हणूनच मला जास्त लागते.

आमच्या गावाच्या धक्क्याच्या डाव्या हाताला, किनाऱ्याला लागून, उथळ पाण्याचा एक पट्टा आहे. त्याला हालमांगांचा समुद्र म्हणतात. पूर्वी तिथे सगळ्याच उतरायच्या, पण गेली दहा-बारा वर्षे तो सत्तरी ओलांडलेल्या बायकांसाठी राखलेला. खोल पाण्यात आता त्यांचा दम पुरत नाही, म्हणून तरुण बायका या उथळ पट्ट्यात उतरत नाहीत. कुठे पाटी नाही की कागद नाही. एखादी तिथे उतरलीच तर शेकोटीजवळ तिच्याशी कोणी बोलत नाही. एवढीच शिक्षा, आणि ती पुरते. माझ्या काळात त्या समुद्रात सातजणी उतरायच्या. सुनदोक हालमांग त्यांच्यात सगळ्यांत वडील. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी इन्सेंग हालमांग, तिची लहानपणापासूनची मैत्रीण आणि तितक्याच वर्षांची वैरीण. बाकीच्या पाचजणी कधी हिच्या बाजूच्या, कधी तिच्या.

मग धक्का वाढवायचा बूट निघाला. बंदराच्या कचेरीने सांगितले की आधी बायकांच्या समुद्राची नोंद करा, त्यात राखण्यासारखे काय आहे ते दाखवा. काम अर्थातच गिसोककडे आले. तो मला घेऊन बायकांच्या दगडी खोलीच्या दाराशी उभा राहिला.

"सामचुन, एक काम होतं."

"कामाशिवाय तू कशाला येशील, मेल्या!" आतून इन्सेंग हालमांग ओरडली. "थांब तिथंच. आम्ही उघड्या आहोत."

"उघड्या काय, त्या रबराच्या कपड्यात तुम्ही सगळ्या सारख्याच दिसता."

"तरी मी जरा बरी दिसते. बोल, काय हवंय?"

गिसोकने सगळे नीट समजावले. धक्का कुठवर न्यायचा ते अजून ठरलेले नाही. हालमांगांचा समुद्र कुठून कुठवर, आणि त्यात त्या कुठे कुठे बुड्या मारतात, हे नकाशावर आले तर तेवढा भाग सोडून बांधतील. झाडाचे झाले तसेच. त्यासाठी मला एकेकीच्या तेवाकवर बांधायचे. तेवाक म्हणजे पाण्यावर तरंगणारा नारिंगी गोळा. त्याच्याखाली जाळी लटकते आणि वर आलेली बाई त्याला धरून दम खाते.

सुनदोक हालमांगने मला हातात घेऊन उलटे-पालटे केले.

"याला पाण्याखालचं दिसतं का रे?"

"नाही, सामचुन. हा स्वतः जिथे असेल तेवढंच याला कळतं."

"म्हणजे तेवाक जिथे, तिथलंच."

"तिथलंच."

"बरं," ती म्हणाली. मी पाहिले की बाकीच्या सहाजणी त्याच क्षणी कोणी छताकडे, कोणी चपलेकडे बघत होत्या. त्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. पण मी बांधांवर आणि झाडांवर वाढलेला. ती बिचारी आहेत तिथेच राहतात.

बुडी मारणाऱ्या प्रत्येक बाईची एक जागा असते. तिथे खडकाच्या कपारीत जॉनबोक असतात, म्हणजे दगडाला घट्ट चिकटून बसणारे ते मोठे शिंपले, ज्यांच्यापुढे बाकी सगळा माल फिका. ती जागा बाई बहिणीला सांगत नाही, लेकीला सांगत नाही, मरताना सांगितली तर सांगितली. शेजारची बघत असेल तर तिकडे फिरकत नाही. सारे आयुष्य एकमेकींच्या डोळ्यांदेखत काढायचे आणि त्या एका गोष्टीत ताकास तूर लागू द्यायची नाही, अशी तिथली रीत. आणि आता तर मी आलो होतो, सगळे लिहून ठेवणारा!

पहिल्या दिवशी मी सुनदोक हालमांगबरोबर गेलो. तिने मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तेवाकवर घट्ट बांधले, "पडू नको हं, बाळा," असे म्हणाली आणि पाण्यात शिरली. सकाळ छान होती. ती बुडी मारायची, मी थांबायचो. ती वर आली की तिच्या ओठांतून शीळ वाजायची. कोंडलेला श्वास सोडताना सगळ्याच बायकांची अशी शीळ वाजते. मी तिथली जागा लिहायचो आणि आम्ही पुढे सरकायचो. शंख, समुद्री पाला, काटेरी गोळ्यांसारखे जीव, जाळी भरत होती.

मग एका ठिकाणी तिने मोठा वळसा घेतला. सरळ गेली असती तर पंचवीस हात वाचले असते. वळसा संपल्यावर तिने तेवाकला बांधलेला दगड तळाशी सोडला, मला तिथे अडकवून ठेवले आणि स्वतः बुडी मारली. मी वाट बघत राहिलो. शीळ वाजली ती माझ्याजवळ नाही, लांब, मागच्या बाजूला. पुन्हा शीळ, पुन्हा तिथेच. बऱ्याच वेळाने ती पोहत परत आली. ओठ निळे पडले होते आणि तेवाक धरताना हात थरथरत होते. एक्याऐंशीव्या वर्षी तेवाकशिवाय एवढे अंतर काटायचे म्हणजे थट्टा नाही. तिने कमरेच्या पिशवीतून तीन जॉनबोक काढून जाळीत टाकले आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

मी काय लिहिणार? मी जिथे होतो तेच लिहिले. मला वाईट वाटले, हे मात्र खरे. माझ्यापुढे वाढून ठेवणाऱ्या बाईनेच मला फसवले होते.

दुसऱ्या भरतीला इन्सेंग हालमांग मला घेऊन गेली. तिनेही एके ठिकाणी मोठा वळसा घेतला, मला लांब अडकवले आणि शीळ भलतीकडूनच वाजवली. मग तिसरी, मग चौथी. सातहीजणींनी मला सात वेळा फसवले. परत आल्यावर प्रत्येक जण बाकीच्यांना तेच सांगायची, "मी तर बाई काही लपवलं नाही."

काम संपल्यावर गिसोकने सातजणींचे माग संगणकावर घेतले आणि सात थर एकावर एक ठेवले. सात रंगांच्या सात रेषा, आणि तेवाक जिथे थांबला तिथे ठिपके. त्या हालमांगांच्या समुद्रभर नाचत होत्या, एकमेकींना छेदत होत्या. आणि मधोमध एक जागा कोरी होती. अंगणाएवढी. सातही रेषा तिच्याजवळ यायच्या आणि तिला टाळून जायच्या.

गिसोक आधी पुढे वाकला. मग खुर्चीत मागे रेलून इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"अरे देवा! एकच जागा! सातहीजणींची एकच जागा, आणि सातहीजणींना वाटतंय आपली एकटीचीच!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "पिवळ्या, एवढा वळसा उगाच कोणी घालत नाही रे. सगळ्यात जिवाची जागा आहे ही. आज्यांनी तुला फसवलं आणि तरी तू खरं तेच सांगितलंस."

त्याने त्या जागेभोवती लाल वर्तुळ काढले. माझा सगळा राग गेला. मी नुसता जागा लिहिणारा, पण हा माणूस लिहिलेले वाचू शकतो, असे मला वाटले. त्याला वाचता येत होते, मित्रांनो. ते मी आजही नाकारत नाही.

पंधरा दिवसांनी बंदराच्या कचेरीतला एक माणूस गिसोककडे आला. त्याने चहा घेतला, नकाशाची स्तुती केली आणि लाल वर्तुळावर बोट ठेवले.

"हे काढावं लागेल. धक्क्याच्या पायाला आम्हाला हाच खडक हवाय. बाकी सगळीकडे रेती आहे. हा सोडायचा तर आराखडा पहिल्यापासून करायला लागेल."

"पण तोच तर त्यांचा..." गिसोक म्हणाला.

"तिथे एक तरी ठिपका आहे का? एक तरी म्हातारी तिथे थांबल्याची नोंद?"

"ठिपका नाही. पण रेषा बघा ना, सगळ्या..."

"रेषा कोण बघतंय? ठिपका नाही ना? मग झालं." त्याने कप खाली ठेवला. "बाकी, आमच्याकडे नकाशांच्या विभागाला प्रमुख नाही. साहेब म्हणत होते, तो कुमुलगेचा मुलगा चुणचुणीत आहे. विचार करा."

गिसोकने तीन दिवस विचार केला. त्या तीन दिवसांत त्याने मला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्याने संगणकावरून सातही रेषा काढून टाकल्या आणि नुसते ठिपके ठेवले, जिथे जिथे तेवाक थांबला होता तिथले. लाल वर्तुळ पुसले. नकाशा एकदम साधासुधा दिसू लागला. भोवती दाट ठिपके आणि मध्ये पांढरी जागा. बघणाऱ्याला वाटावे, तिथे काहीच नाही.

मग त्याने मला उचलले. बटण दाबत दाबत तो माझ्या पोटातल्या शेवटच्या पानावर आला. सगळे पुसा. मला बनवणाऱ्यांनी मला एक सवय लावलेली आहे. पुसण्याआधी मी एकदा विचारतो. मी विचारले: नक्की पुसायचे? हो की नाही? विचारणे एवढेच माझ्या हातात होते. त्याचा अंगठा बटणावर बराच वेळ थांबला. मला वाटले, याच्या आईच्या समुद्राचा प्रश्न आहे, हा 'नाही' म्हणेल.

त्याने 'हो' दाबले.

तुम्ही म्हणाल, पुसले गेले तर तुला आठवते कसे? माझ्या पोटातले गेले, मित्रांनो. मनातले कोणाला पुसता येत नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला गावाच्या सभागृहात बैठक भरली. भिंतीवर आमचा नकाशा लावला होता. मी गिसोकच्या खिशात होतो. सातही हालमांग पुढच्या रांगेत, हातरुमालात संत्री बांधून, ठेवणीतले जॅकेट घालून बसल्या होत्या. आपला नकाशा आहे म्हणून त्या खुशीत होत्या. कचेरीचा माणूस छडी घेऊन उभा राहिला.

"आज्यांच्या समुद्राला आम्ही धक्का लावणार नाही," तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. "जिथे जिथे त्यांची नोंद आहे तो सगळा भाग राखला आहे. धक्क्याचा पाया फक्त या रिकाम्या जागेवर येईल." छडी पांढऱ्या जागेवर टेकली.

सातहीजणी मूग गिळून बसल्या. एकीने संत्र्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. बोलावे तर जागा फुटते, आणि न बोलावे तर जागाच जाते. शेवटी सुनदोक हालमांग उभी राहिली.

"तिथे रिकामं नाहीये."

"तुला गं काय माहीत?" इन्सेंग हालमांग चटकन म्हणाली.

"मला माहीत आहे. जॉनबोक आहेत तिथे. कपारीत."

"अगं, तुला कसं माहीत म्हणते मी? ती माझी जागा आहे!"

"तुझी? लग्न झाल्यापासून मी जातेय तिथे!"

"मी लग्नाच्या आधीपासून जातेय, भवाने!"

"थांबा थांबा," रांगेच्या टोकाची आजी उठली. "कोणती कपार? वर पांढरा पट्टा आहे ती? ती तर माझ्या सासूने मला..."

मग सातहीजणी एकदम बोलू लागल्या. सभागृह हसून हसून लोटपोट झाले. पन्नास वर्षे ज्यांनी एकमेकींना दाद लागू दिली नव्हती, त्या सगळ्या गावासमोर एकाच कपारीवरून भांडत होत्या. इन्सेंग हालमांगने सुनदोकच्या पाठीत धपाटाही घातला. मग हळूहळू हसू ओसरले, कारण सुनदोक हालमांगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

कचेरीचा माणूस नम्रपणे म्हणाला, "आजी, पण यंत्र तुम्हीच नेलं होतं ना? तुमच्याच नोंदी आहेत या. आता ऐन वेळी सातहीजणी म्हणायला लागल्या, तिथेच सगळं आहे, तर लोक काय म्हणतील?"

"आम्ही त्याला लांब ठेवलं होतं," सुनदोक हालमांग म्हणाली. एवढे कबूल करताना तिचा आवाज बारीक झाला. "पण वळसे घेतले ते त्याला ठाऊक आहेत. आम्ही सगळ्यांनी तिथे वळसा घेतलाय. गिसोक, बाळा, दाखव ना यांना. काढ तो पिवळा."

गिसोकने मला खिशातून काढले. त्याने मला चालू केले आणि पडदा तिच्यापुढे धरला. मी कोरा होतो. सगळे गाव माझ्याकडे बघत होते आणि माझ्यात एक रेषाही नव्हती. जीव तोडून ओरडावेसे वाटले, पण मला तोंड नाही.

"यात काही नाही, सामचुन," गिसोक म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. "यंत्राने जे दिलं तेच मी नकाशावर लावलंय."

यंत्राने जे दिलं! बांधांवर दोन वर्षे ज्याचे बोट धरून चाललो, त्याने भर सभेत केसाने माझा गळा कापला. त्याच्या हातून पाप झाले असेल, भीतीने किंवा मोहाने. माणसांच्या हातून होते. पण ते त्याने माझ्या नावावर टाकले.

सुनदोक हालमांगने मला जवळून पाहिले. मघाशी मैत्रिणीच्या धपाट्याने तिला एवढे लागले नव्हते. "तू पण?" ती हळूच म्हणाली आणि खाली बसली.

ठराव झाला. गिसोक शहरात नोकरीवर गेला. जाताना तो मला बायकांच्या दगडी खोलीत ठेवून गेला. "आठवण म्हणून राहू दे," असे कोणाला तरी म्हणाला. सेल आत राहिले तर गंजतात म्हणून ते त्याने काढून घेतले. तेवढी काळजी त्याने घेतली. मी खिळ्यांच्या आणि फुटक्या चष्म्यांच्या डब्यात पडलो. येता-जाता इन्सेंग हालमांग डब्याला लाथ मारायची. "खोटारडं डबडं," ती म्हणायची. तिचा राग खरे तर गिसोकवर होता, पण ज्याला कडेवर घेऊन वाढवले त्याला कोण असे म्हणणार? मी आयताच होतो.

आता शेवटचे सांगतो.

समुद्रात दगड टाकायला सुरुवात होणार, त्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. मोठमोठे सिमेंटचे ठोकळे किनाऱ्यावर येऊन पडले होते. सकाळी सुनदोक हालमांगने डबा उघडला, मला बाहेर काढले आणि बाहीने माझा पडदा पुसला.

"मीच लबाडी केली," ती म्हणाली. "तुला लांब बांधून ठेवलं आणि वर तुलाच नावं ठेवली. चल."

तिने मला पिशवीत घालून तेवाकवर बांधले. बाहेर बाकीच्या सहाजणी उभ्या होत्या. एकीनेही वळसा घेतला नाही. नाकासमोर, सरळ, सात नारिंगी तेवाक त्या एका जागी गेले आणि एकमेकांना टेकले. तिथे दाटी इतकी झाली की इन्सेंग हालमांग म्हणाली, "सरक ना जरा, सगळा समुद्र काय तुझ्या बापाचा आहे?" आणि सगळ्या हसल्या. मग एकेकजण बुडी मारू लागली. सातहीजणींची शीळ माझ्याभोवती वाजत होती, अगदी जवळ. आयुष्यात पहिल्यांदा मी योग्य जागी होतो.

त्या दिवशी कोणी काही काढले नाही. सुनदोक हालमांग शेवटची वर आली. तिने मला पिशवीसकट दोन्ही हातांनी वर, आभाळाकडे धरले.

"लिही, बाळा. हे इथे. आम्ही सातजणी इथे होतो. नीट लिही."

मला सेल लागतात, हे तिला कधी कोणी सांगितलेच नव्हते. माझा पडदा काळा होता. तिच्या अधू डोळ्यांना तो उन्हामुळे तसा वाटला असेल.

"लिहिलं का गं त्याने?" इन्सेंग हालमांगने विचारले.

"लिहिलं," सुनदोक हालमांग म्हणाली. "आता काळजी नाही."

सातहीजणी निर्धास्त होऊन किनाऱ्याकडे पोहत निघाल्या.

मित्रांनो, त्या दिवसाची नोंद माझ्यात नाही. कोणत्याच नकाशात नाही. मी तुम्हाला सांगितली तेवढीच आहे. तुम्ही तरी ती ठेवा.